कुलूप भक्कम, दार सताड उघडे

आपल्या धर्मग्रामांत गेल्या काही वर्षांत एक नवी चावडी उभी राहिली आहे. तिला ना भिंती आहेत, ना कट्टा. पण चोवीस तास ती भरलेली असते. पवित्र मिस्सेची वेळ तिथे कळते, मयताची खबर तिथे मिळते, धर्मशिक्षण वर्गाची सुट्टी तिथे जाहीर होते, आजाऱ्यासाठी प्रार्थनेची विनंती तिथे केली जाते. आणि याच ओघात कोणाच्या पोटातील गाठ कर्करोगाची निघाली, कोणाची सून माहेरी निघून गेली, कोणाचा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला, हेही दोनशे घरांत एका क्षणात पोहोचते. मोबाईलवरील धर्मग्रामाचा, वाडीचा किंवा संघटनेचा ‘ग्रुप’ तो हाच.

या साधनाची सोय आम्ही नाकारीत नाही. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद असताना विखुरलेली कुटुंबे याच साधनाने बांधून ठेवली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. आमचे भांडण आहे ते त्याच्या वापरातील आपल्या बेफिकिरीशी. सुरक्षिततेचा विषय काढला, की तीन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. पहिले : त्याला कुलूप आहे. दुसरे : आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही. तिसरे : ग्रुप म्हणजे आपले कुटुंबच. ही तिन्ही उत्तरे आम्हांला अमान्य आहेत. आणि ख्रिस्ती माणसाने तर ती देऊच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम कुलपाचा विचार करू. जुन्या पिढीला टपालाचे तारतम्य चांगले ठाऊक होते. खुशालीचे चार शब्द पोस्टकार्डावर लिहिले जात, घरातील गोष्ट आंतरदेशीय पत्रात, आणि मौल्यवान कागद लाखेची मोहोर लावलेल्या रजिस्टर पाकिटात. पोस्टकार्ड टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचू शकतो, हे अक्षरओळख असलेल्या प्रत्येकाला कळत होते. इंटरनेटवरील निरोपांतही असेच प्रकार आहेत. मात्र पडद्यावर ते सारे सारखेच दिसतात, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

ई-मेलची मूळ नियमावली १९८२ सालची. ती रचणारे मोजके संशोधक एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे पाठविणाऱ्याचे नाव खरे की खोटे हे तपासण्याची तरतूद तिच्यात ठेवलेली नव्हती. पुढे पुष्कळ ठिगळे लावली गेली. तरीही बँकेच्या नावाने वा बिशपांच्या नावाने भलत्यानेच पत्र लिहिण्याचा धंदा आजही चालतो. साधा एसएमएस वाटेत दूरसंचार कंपनीला वाचता येतो. टेलिग्रामवरील नेहमीचे संभाषण आणि तेथील सर्व ग्रुप हे दोन टोकांमध्ये कुलूपबंद नसतात. तशी सोय फक्त तेथील ‘गुप्त संभाषणा’त आहे. व्हॉट्सॲपने मात्र एप्रिल २०१६ पासून सर्व वापरकर्त्यांचे निरोप अशा रीतीने बंदिस्त केले, की पाठविणाऱ्याच्या फोनवर लागलेले कुलूप घेणाऱ्याच्या फोनवरच उघडते. मधल्या मार्गावर खुद्द कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. हे कुलूप गणिताच्या पायावर उभे आहे आणि भक्कम आहे, याविषयी आम्हांला शंका नाही.

परंतु कुलूप राखते ती वाट. वाटेच्या दोन्ही टोकांना असलेली घरे ते राखीत नाही. निरोप फोनवर उघडला, की तो साध्या अक्षरांत समोर उभा राहतो. मग तो फोन ज्याच्या हाती, त्याच्या हाती निरोप. फोन दुरुस्तीला गेला, नातवाच्या हाती खेळायला दिला, कोणी पडद्याचे छायाचित्र काढून दुसरीकडे पाठविले, संगणकावर उघडलेले व्हॉट्सॲप कार्यालयात तसेच राहून गेले, की कुलपाचे काम संपले. संभाषणाची जी प्रत गूगल किंवा ॲपलच्या साठवणीत जाते, तिला तसेच पक्के कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून उपलब्ध आहे. पण ती ज्याची त्याने चालू करावी लागते, आणि बहुतेकांना ती आहे हेच माहीत नसते. दोघांच्या बोलण्याला दोन दारे असतात. दोनशे जणांच्या ग्रुपला दोनशे. त्यांतील एक जरी उघडे राहिले, तरी घर उघडेच.

चोरही कुलूप फोडण्याच्या भानगडीत पडत नाहीत. ते दारावर टकटक करतात आणि आपण दार उघडतो. लग्नपत्रिका म्हणून एक फाईल येते; नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती पत्रिका नसतेच. उघडून परवानगी देत गेले, की फोनमध्ये एक हेर बसतो आणि बँकेचे संकेतांक परस्पर वाचू लागतो. दुसरी तऱ्हा अशी : ओळखीच्या बाईंच्या नावाने निरोप येतो, ‘चुकून तुमच्या फोनवर सहा आकडी अंक आला आहे, तेवढा पाठवा.’ तो अंक म्हणजे आपल्याच खात्याची किल्ली असते. ती दिली, की आपले खाते त्यांच्या हाती जाते आणि मग आपल्या नावाने, आपल्या ग्रुपवर, आपल्याच आप्तांकडे पैसे मागितले जातात. ज्या विश्वासावर धर्मग्राम उभे आहे, तोच विश्वास येथे चोराचे भांडवल होतो.

दुसरे उत्तर याहूनही घातक आहे. ‘आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे सद्‌गृहस्थ आपल्या सचोटीची ग्वाही देत असतात. परंतु प्रश्न त्यांच्या सचोटीचा नाहीच. त्यांच्या फोनमध्ये जे आहे, त्यातील किती त्यांचे स्वतःचे आहे? बहिणीचा वैद्यकीय अहवाल तिथे आहे, मित्राने रात्री मन मोकळे करून पाठविलेला आवाज तिथे आहे, शेजाऱ्याचे आधारकार्ड आहे, वर्गातील मुलांची छायाचित्रे आहेत. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू रस्त्यावर ठेवून ‘माझे काही चोरीला जाणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

आणि निष्पाप माणसाला भय नसते, हे तरी कोठे खरे आहे? रांचीजवळ आदिवासींमध्ये आयुष्य वेचलेले येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली. तळोजा तुरुंगातून उपचारांसाठी हलविल्यानंतर ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, वयाच्या ८४ व्या वर्षी, न्यायालयीन कोठडीत असतानाच त्यांचा अंत झाला. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यांत त्यांच्या संगणकावरील कागदपत्रे होती. डिसेंबर २०२२ मध्ये ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या अमेरिकेतील न्यायवैद्यक संस्थेने, बचाव पक्षाच्या वतीने त्या संगणकाच्या प्रतीची तपासणी करून, असा निष्कर्ष मांडला की संगणकात बाहेरून घुसखोरी झाली होती आणि ती कागदपत्रे दुसऱ्यानेच तेथे पेरली होती. त्याच प्रकरणातील अन्य आरोपींच्या संगणकांविषयीही या संस्थेने असेच अहवाल दिले. तपासयंत्रणेने ते मान्य केलेले नाहीत. तथापि ज्या फादरांना आपल्या यंत्रात काय आहे हेच ठाऊक नव्हते असा हा अहवाल सांगतो, त्यांच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहावे. उघड्या दारातून वस्तू नेता येते, तशी ती आत आणूनही ठेवता येते. ‘लपवण्यासारखे काही नाही’ हे वाक्य तेव्हा कोणाच्याही कामाचे नसते.

मजकूर वाचलाच पाहिजे असेही नाही. कोण कोणाशी, केव्हा, किती वेळ आणि कोठून बोलला, एवढ्या नोंदींवरून पुष्कळ कळते. कर्करोगतज्ज्ञाला तीन फोन, नंतर वकिलाला एक, नंतर परदेशातील मुलाला मध्यरात्री. येथे एक शब्दही ऐकावा लागत नाही. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या धर्माध्यक्षीय परिषदेच्या सरचिटणीसांना पद सोडावे लागले. एका कॅथॉलिक वृत्तपत्रिकेने बाजारात विकत मिळणाऱ्या, नावे काढून टाकलेल्या स्थाननोंदींवरून त्यांचा फोन नेमका ओळखला होता आणि ते कोणते ॲप वापरीत, कोठे जात, याचा माग काढला होता. त्या धर्मगुरूंच्या वर्तनाचा न्याय करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांला दाखवायचे आहे ते एवढेच, की निनावी म्हणून विकल्या जाणाऱ्या माहितीला पुन्हा नाव चिकटविणे अवघड नाही. आणि त्यासाठी सरकार लागत नाही, पैसे असलेला कोणीही पुरतो.

आता तिसरे उत्तर : ‘ग्रुप म्हणजे आपले कुटुंबच.’ हे ऐकायला गोड आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार अधिक कठोरपणे घेतला पाहिजे. कुटुंबात कोण आहे हे आपल्याला ठाऊक असते. ग्रुपमध्ये कोण आहे, हे चालकालाही पुरते सांगता येत नाही. कोणी नंबर बदललेला असतो, आणि तो जुना नंबर दूरसंचार कंपनीने भलत्यालाच दिलेला असतो. प्रार्थनेची विनंती करताना देवाला आजाराचे नाव, रुग्णालयाचा मजला आणि खाटेचा क्रमांक सांगण्याची आवश्यकता नसते. मग ते कोणासाठी लिहिले जाते? खरे सांगायचे तर, ती प्रार्थनेची झूल पांघरलेली खबरबात असते.

दहा आज्ञांतील आठवी आज्ञा आपण केवळ खोट्या साक्षीपुरती समजतो. कॅथॉलिक श्रद्धाशिक्षण मात्र सांगते की, योग्य कारणावाचून दुसऱ्याचे खरे दोष अनभिज्ञ माणसांपुढे उघड करणे हेही पापच आहे. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील २२० वे कलम प्रत्येकाच्या सुनामाचे आणि त्याच्या खासगी जीवनाच्या हक्काचे रक्षण करते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. आपल्या संहितेत तो त्याआधी ३४ वर्षे लिहिलेला होता. आणि तरीही सुनेची गोष्ट ग्रुपवर टाकताना आपला हात थबकत नाही.

यातून होणारी हानी केवळ अब्रूची नसते. मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आणि घरी दोन वृद्ध जीव, हे चित्र आपल्या किती घरांत आहे! कोण एकटे राहते, कोणाचा मुलगा कोठे आहे, कोणाची जमीन नुकतीच विकली गेली, हे सारे आपणच आळीपाळीने लिहून ठेवतो. मग एके सकाळी पोलिसी गणवेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर अवतरतो, ‘तुमच्या मुलाच्या नावे आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असे सांगतो आणि ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली त्या वृद्धांना दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांची आयुष्याची पुंजी काढून घेतो. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही कारवाई भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून हेच सांगितले. पण भामट्याला मुलाचे नाव आणि गाव आधीच ठाऊक असेल, तर घाबरलेल्या आईला त्याचे बोलणे खरे का वाटू नये?

येथे आमच्या धर्मगुरूंनाही, अत्यंत आदराने, एक गोष्ट सांगितली पाहिजे. पापनिवेदनाची मोहोर अभंग आहे. तिच्यासाठी प्राण देणारा म्हणून परंपरा प्रागच्या संत जॉन नेपोमुक यांचा गौरव करते. १३९३ साली त्यांना व्ल्टावा नदीत बुडविण्यात आले. पापनिवेदन कोणत्याही यंत्राने ध्वनिमुद्रित करणाऱ्यास ख्रिस्तसभा शिक्षा करते, आणि डिसेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या सुधारित दंडसंहितेतही ते कलम कायम आहे. इंटरनेटवर संस्कार होऊ शकत नाहीत, हे रोमने २००२ सालीच स्पष्ट केले. तेव्हा फोनवर पाठविलेले मनोगत हे पापनिवेदन नव्हे आणि त्याला ती मोहोर नाही. तरीसुद्धा किती माणसे आपले संसार, आपली पापे, आपले घाव रात्री-अपरात्री फादरांना लिहून पाठवितात! फादर ते वाचून धीर देतात, यात त्यांचा जिव्हाळा दिसतो. पण तो मजकूर त्यांच्या फोनमध्ये राहतो, बदली होईल तेथे जातो, कधी जुन्या फोनबरोबर विकलाही जातो. ‘हे येथे लिहू नका, उद्या येऊन बोला’ एवढे एक वाक्य धर्मगुरूंनी शिकून घ्यावे. कबुलीगृहाची जाळी आणि पडदा पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी जपला, त्यांना हे जड जाऊ नये.

या प्रश्नावर दुसऱ्या टोकाचा उपाय सुचविणारेही आहेत. ते म्हणतात, कुलूपच काढा आणि किल्ली सरकारकडे द्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने भटक्या समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जमावाने बळी घेतला. अशा अफवा फोनवरूनच फिरत होत्या. अशा निरोपाचा मूळ लेखक शोधून देण्याचे बंधन केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी घातले. त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. आम्ही या वादात कुलपाच्या बाजूचे आहोत. एका गुन्हेगारासाठी केलेली किल्ली सर्वांच्याच घरांना लागते, आणि ती आज ज्याच्या हाती आहे त्याच्याच हाती उद्या राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. ज्या समाजाच्या प्रार्थनासभांकडेही संशयाने पाहिले जाते, त्याने तरी ही गोष्ट विसरू नये. शिवाय राईनपाड्याचा धडा निराळा आहे : तेथे माणसे मेली ती ऐकलेले न पारखता पुढे ढकलल्यामुळे. तो दोष बोटांचा होता आणि बोटे आपली आहेत.

मग करावे काय? उत्तर शोधायला फार दूर जायला नको. संत इग्नेशियस लोयोला यांनी डिसेंबर १५४२ मध्ये आपले सहकारी पीटर फेबर यांना पत्रलेखनाची एक रीत घालून दिली. जे कोणालाही दाखविता येईल, ज्याने वाचणाऱ्याचा विश्वास दृढ होईल, ते मुख्य पत्रात लिहावे. बाकीच्या खासगी गोष्टी वेगळ्या सुट्या कागदावर लिहाव्यात. मुख्य पत्र विचारपूर्वक लिहून, तपासून, पुन्हा उतरवून काढावे, कारण ते अनेकांच्या हाती पडणार आहे. ज्या काळी पत्रे महिनोन्‌महिने जहाजांतून आणि अनोळखी हातांतून जात, त्या काळी इग्नेशियसनी हे तारतम्य सांगितले. यंत्रे पालटली, तरी नियमाला धक्का लागलेला नाही.

धर्मग्रामाचा ग्रुप म्हणजे मुख्य पत्र. चर्चच्या फलकावर जे लावता येईल तेवढेच त्यात जावे. आजाऱ्याचे नाव त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या संमतीवाचून जाऊ नये, आणि संमती असली तरी आजाराचे नाव जाऊ नये. मुलांची छायाचित्रे, आधारकार्डे, विवाहाच्या तयारीचे कागद ग्रुपवर मागविणे आजच बंद व्हावे. ते कार्यालयात हातोहात द्यावेत. मयताच्या निरोपात घरातील सर्वजण अमुक वेळी दफनभूमीत असतील, असे पत्त्यासह लिहिण्याचे कारण नाही. ग्रुपच्या चालकांनी वर्षातून दोनदा यादी तपासून अनोळखी नंबर काढावेत. पॅरिश कौन्सिलने यासंबंधी ठराव करावा, आणि लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकांत तो वाचून दाखवावा.

सुट्या कागदाचे काम घरोघरी आहे. खात्याला दुहेरी पडताळणीचा आकडा लावावा. सहा आकडी संकेतांक कोणालाही, अगदी प्रमुख धर्मगुरूंच्या नावाने मागितला तरी, देऊ नये. साठवणीतील प्रतीला कुलूप लावावे. ‘एपीके’ फाईल उघडू नये. परदेशी असलेल्या मुलांनी आणि आईवडिलांनी एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. पैशाची मागणी आली, की आधी तो विचारावा आणि फोन ठेवून आपल्याजवळच्या नंबरावर उलट फोन करावा. फसवणूक झालीच, तर लाजून घरात बसू नये. १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण पहिल्या काही तासांत पैसे वाटेतच अडविण्याची शक्यता अधिक असते. आणि जे खरोखर जिव्हाळ्याचे आहे, त्यासाठी चार पावले चालावीत. आजाऱ्याच्या उशाशी जाऊन केलेली प्रार्थना कोणालाही चोरता येत नाही.

संगणकतज्ज्ञ कुलूप आणखी पक्के करीत राहतील, सरकारे आणि कंपन्या त्यावरून भांडत राहतील. ते त्यांचे काम आहे. शेजाऱ्याची गोष्ट आपल्यापाशी सुरक्षित आहे की नाही, हे मात्र कोणतेही गणित ठरवीत नाही. ज्या ख्रिस्तसभेने एका मोहोरेसाठी शतकानुशतके मौन पाळले, तिच्या लेकरांना निरोप पाठविण्यापूर्वी क्षणभर थांबण्याइतका संयम खचितच अंगी बाणवता येईल. तो येत्या आगमनकाळापर्यंत थांबवून ठेवू नये. आज संध्याकाळीच ग्रुप उघडून, काय काढून टाकायचे ते प्रत्येकाने पाहावे.